भिंतीवरचा गारवा आणि घराची किंमत

मुळशी तालुक्यातील कोळवण येथे माझ्या दोन आतेभावांचे सामाईक घर होते. हा आंबेमोहोर तांदळाचा मुलूख. पौडहून कोळवणकडे जाताना रस्त्याच्या कडेने भातखाचरे दिसतात. चिन्मय विभूती आश्रमही याच गावी आहे. थोरला भाऊ निवृत्तीनंतर तेथे कायमचा राहावयास गेला. धाकटा पुण्यात असतो. शनिवार-रविवारी तेथे जात असे.

गतवर्षी धाकट्याचा अर्धा हिस्सा विकत घेण्याचे थोरल्याने ठरविले. कर्जासाठी बँकेत अर्ज केला आणि मूल्यांकनाचा प्रश्न आला. धाकट्याने सहा वर्षांपूर्वी स्वखर्चाने घरात चार एसी बसविले होते, त्यांचे १,८०,००० रुपये. गच्चीवर जलरोधक थर व पांढऱ्या चिनी मोझॅइकचे काम केले, त्याचे १,४०,०००. सौर बंबास ३०,००० लागले. “हे साडेतीन लाख घराच्या किमतीत धरून मला परत मिळावेत,” असे त्याचे म्हणणे. “मी एसी लावीतच नाही, मी का द्यावे?” असे थोरल्याचे. एका आईच्या हाताखाली वाढलेले दोघे भाऊ दिवाळीतही एकमेकांकडे गेले नाहीत. अखेर, बँकेत आयुष्य घालविलेला म्हणून दोघांनी मला मध्यस्थ नेमले.

बँकेच्या यादीवरील व्हॅल्युअरचा अहवाल आला, तेव्हा त्यात एसीपुढे एक रुपयाही नव्हता. धाकट्यास तो अन्याय वाटला. परंतु अहवाल शास्त्राला धरून होता. अशा घराचे मूल्य दोन भागांत काढतात. जमिनीचा दर आजूबाजूच्या व्यवहारांवरून ठरतो. इमारतीसाठी आज तशीच वास्तू उभारण्याचा खर्च धरून त्यातून घसारा वजा करतात. सिमेंट-काँक्रीटच्या घराचे आयुष्य सामान्यतः ६० वर्षे आणि अखेरचे अवशिष्ट मूल्य १० टक्के धरले, तर वीस वर्षांच्या घराचा घसारा ३० टक्के होतो. बांधकामखर्च ४० लाख असेल, तर मूल्य २८ लाख उरते. या हिशेबात वास्तूचा भाग असलेल्या वस्तूच येतात.

वास्तूचा भाग कोणता, हे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या तिसऱ्या कलमावरून समजते. जमिनीत रोवलेल्या वास्तूला जी वस्तू त्या वास्तूच्याच कायम उपभोगासाठी जोडलेली असते, ती स्थावर. चार स्क्रू काढून दुसऱ्या घरी नेता येणारा एसी या व्याख्येत सहसा बसत नाही. तो पलंग-कपाटाप्रमाणे जंगम होय. भिंती व छतातून नळ्या फिरविलेली मध्यवर्ती वातानुकूलन योजना मात्र वास्तूचा भाग ठरू शकते. घर पाहुण्यांना भाड्याने दिले जात असेल आणि मूल्य उत्पन्नावरून काढायचे असेल, तर एसीमुळे वाढलेले भाडेही अप्रत्यक्षपणे किमतीत उतरते. आमच्या घराला यांतील काहीच लागू नव्हते.

ज्यांची मुले अमेरिकेत आहेत, त्यांना हे नवल वाटेल. तेथील गृहकर्जाच्या प्रचलित मूल्यांकन-नमुन्यात, शेजारी विकल्या गेलेल्या घरांशी तुलना करताना ‘तापन व शीतन’ अशी स्वतंत्र ओळच असते. कारण उघड आहे. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात तापनव्यवस्थेवाचून घर राहण्यायोग्यच नसते, आणि ती व्यवस्था बहुधा घराच्या बांधणीतच असते. कोळवणात एसीवाचून घर अडत नाही. तेथे घराचा खरा शत्रू पावसाळ्यातील ओल.

म्हणूनच त्या अहवालातील एका साध्या शेऱ्याकडे मी धाकट्याचे लक्ष वेधले. “छत कोरडे, ओलीच्या खुणा नाहीत.” छत गळत असते, तर दुरुस्तीपोटी मूल्यातून मोठी रक्कम वजा झाली असती. पांढरे मोझॅइक ऊन परतवते, त्यामुळे खालच्या खोल्याही कमी तापतात. घरांच्या भिंती, छत व खिडक्यांतून किती उष्णता आत यावी, याचे मानक केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ मध्ये ‘इको निवास संहिते’त घालून दिले, तेही याच विचाराने. सौर बंबाची मात्र अहवालात ‘सुविधा’ म्हणून नोंद होती, कारण त्याच्या नळ्या भिंतीतून गेलेल्या आहेत.

मग आम्ही तिघांनी कागद-पेन्सिल घेतली. गच्ची व सौर बंब यांचे मूळ १,७०,००० रुपये. झीज वजा जाता १,२०,००० धरले. हा लाभ अहवालातील मूल्यात आलाच होता, म्हणजे त्याचा अर्धा भाग धाकट्याला हिश्शातून मिळणारच होता. उरलेला अर्धा, ६०,००० रुपये, थोरल्याने वेगळा दिला. एका एसीची किंमत ४५,०००. दहा वर्षांचे आयुष्य व १० टक्के अवशिष्ट मूल्य धरता सहा वर्षांनी २०,७०० उरतात. थोरल्याला ते नको होते, म्हणून धाकट्याने तीन एसी पुण्यास नेले आणि भिंतीतील छिद्रे पावसाळ्यापूर्वी बुजवून दिली.

चौथा एसी माझ्या आत्याच्या खोलीतला. अखेरच्या उन्हाळ्यात ती अंथरुणाला खिळली, तेव्हा धाकट्याने तो तातडीने आणला होता. त्याचा आकडा मांडण्यासाठी मी पेन्सिल उचलली, तेव्हा धाकटाच म्हणाला, “तो राहू दे, दादा.” थोरला उठून पाणी आणावयास आत गेला.

घर विकताना, गहाण ठेवताना वा वाटणी करताना एसीसारख्या जंगम वस्तूंची यादी व किंमत स्वतंत्र लिहावी. त्यांचा खर्च घराच्या मूल्यातून वसूल होईल, या भरवशावर राहू नये. बँक कर्ज देते ते घराच्या मूल्याच्या ठरावीक प्रमाणात, ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जास जास्तीत जास्त ९० टक्के. जे मूल्यात नाही, ते घेणाऱ्याला खिशातूनच द्यावे लागते. सामाईक घरावर खर्च करण्यापूर्वी भावंडांची लेखी संमती घ्यावी आणि पावत्या जपाव्यात. हातात मर्यादित रक्कम असेल, तर आधी छत, पश्चिमेची सावली आणि वारा खेळेल अशा खिडक्या यांवर खर्चावी, एसी नंतर.

यंदाच्या दिवाळीत धाकटा सहकुटुंब कोळवणला गेला होता. घर आता एकाच्या नावावर आहे. परंतु पंगत पूर्वीसारखीच बसली.