लंडनचं वार्तापत्र : याला पिसं आहेत का?

इंग्लंडमध्ये शाळेचं वर्ष जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात संपतं आणि त्याआधीचे काही आठवडे म्हणजे सहलींचा हंगाम. या दिवसांत सकाळी दहाच्या सुमारास कॅम्डन टाउन स्टेशनबाहेर थांबलं, तर चमकत्या पिवळ्या जाकिटांतल्या मुलांच्या रांगा एकामागून एक रीजंट्स पार्ककडे जाताना दिसतात. त्यांतल्या बऱ्याच लंडन झूकडे वळतात. यंदा अशाच एका सरकारी प्राथमिक शाळेच्या ‘इयर फोर’बरोबर मी पालक-मदतनीस म्हणून गेले. इथे सहलीला दर काही मुलांमागे एक मोठं माणूस लागतं, आणि एवढे शिक्षक कुठल्याच शाळेकडे नसतात. त्यामुळे पालकांना हाक जाते.

इयर फोर म्हणजे आठ-नऊ वर्षांची मुलं, आपली साधारण तिसरी-चौथी. सहलीचा विषय होता प्राण्यांचं वर्गीकरण. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात (स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे अभ्यासक्रम निराळे) हा विषय टप्प्याटप्प्याने येतो. पाच-सहा वर्षांच्या मुलांनी मासे, उभयचर, सरपटणारे प्राणी, पक्षी आणि सस्तन प्राणी यांतले नेहमीचे प्राणी ओळखायचे. इयर फोरमध्ये वर्गीकरणाची ‘की’ वापरायची. इयर सिक्समध्ये कारणं देऊन गट पाडायचे. प्राण्यांचं वर्गीकरण करणाऱ्या कार्ल लिनियस या शास्त्रज्ञाची ओळख तिथे होते. 2014 च्या सप्टेंबरपासून हा अभ्यासक्रम लागू आहे.

मला यातला मधला टप्पा फार मोलाचा वाटतो. ‘की’ म्हणजे होय किंवा नाही एवढंच उत्तर येईल अशा प्रश्नांची उतरंड. पाठीचा कणा आहे का? असेल तर या फांदीने जा, नसेल तर त्या. अंगावर पिसं आहेत का? त्वचा ओलसर आहे का? पाय सहा आहेत का? प्रत्येक प्रश्न ढीग दोन भागांत विभागतो आणि शेवटी हातात एकच प्राणी उरतो. मुलांना नुसती तयार ‘की’ देत नाहीत, ती त्यांच्याकडून बनवूनही घेतात. वर्गात आठवडाभर तेच चाललं होतं. ‘मोठा आहे का?’ हा प्रश्न बाद झाला, कारण कुणापेक्षा मोठा ते कळत नाही. ‘भयंकर आहे का?’ हाही बाद, कारण ते बघून ठरत नाही. ‘उडतो का?’ यावर बराच वाद झाला. अखेर एका मुलाने शहामृगाचं नाव घेतलं आणि तोही गेला. बाईंनी स्वतः एकही प्रश्न खोडला नाही. खोडणारं पोर उदाहरण देऊन खोडत होतं.

सहलीच्या खर्चाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण या देशातली एक चांगली गोष्ट त्यात दडलेली आहे. शाळेच्या वेळेत निघणाऱ्या सहलीसाठी सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेला पालकांकडून शुल्क घेता येत नाही. 1996 च्या शिक्षण कायद्यात तशी तरतूद आहे. शाळा फक्त ‘ऐच्छिक वर्गणी’ मागू शकते, आणि ज्याच्या घरून ती आली नाही त्या मुलाला मागे ठेवता येत नाही. कुणी दिली, कुणी नाही, हे मुलांना कळतही नाही. ज्यांना शाळेत मोफत जेवण मिळतं, त्यांच्यासाठी शाळाच सँडविच आणि फळाची पिशवी बांधून देते. लंडनमधल्या शाळांनी आधी अर्ज केला, तर गर्दीची वेळ टाळून मुलांना ट्यूब आणि बसने फुकट नेता येतं. अर्थात पुरेशी वर्गणी जमली नाही तर सहल रद्द करण्याची मुभा शाळेला आहे, आणि हा धोका गरीब वस्तीतल्या शाळांनाच जास्त. तरीही ‘गेलो तर सगळे, नाहीतर कुणीच नाही’ हे तत्त्व मला मनापासून पटतं.

दुसरी अडचण वेळेची. प्राथमिक शाळेच्या शेवटी होणाऱ्या राष्ट्रीय परीक्षांत आता इंग्रजी आणि गणितच उरलं आहे. सगळ्या मुलांची विज्ञानाची परीक्षा 2009 मध्ये शेवटची झाली. परीक्षा गेली तसा विषयाचा वेळही आकसला. चांगले शिक्षक त्यातून वाट काढतात. सहलीचं वर्णन इंग्रजीच्या तासाला लिहून घेतात, प्राण्यांच्या वजनांचे आलेख गणितात काढायला लावतात.

झूची बाजूही कायद्याने बांधलेली आहे. इथे परवान्याशिवाय प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही, आणि ठेवलेल्या प्राण्यांची व त्यांच्या अधिवासाची माहिती देऊन लोकशिक्षण करणं ही परवान्याची अट आहे. प्राणी बंदिस्त ठेवावेतच का, हा वाद ब्रिटनमध्ये जुना आणि गंभीर आहे. याच कारणासाठी मुलाला सहलीला न पाठवणारे पालकही असतात, आणि शाळा त्यांचा मान राखते. मला स्वतःला त्या वादाचं उत्तर सापडलेलं नाही. पण प्राणी ठेवलेच आहेत, तर शिकवण्याची सक्ती असलीच पाहिजे, एवढं मी ठामपणे म्हणेन.

लंडन झू चालवणारी झूलॉजिकल सोसायटी ऑफ लंडन 1826 मध्ये स्थापन झाली. दोन वर्षांनी बाग उघडली ती फक्त सभासदांसाठी. तिकीट काढून सामान्य माणूस आत जाऊ लागला तो 1847 मध्ये. जुनी बाग म्हणजे विटांनी बांधलेलं वर्गीकरणच होतं. सरपटणाऱ्या प्राण्यांचं घर वेगळं, माशांचं वेगळं, 1881 पासून कीटकांचंही वेगळं. कुठल्या घरात शिरलो यावरून प्राण्याचा गट आपोआप कळायचा. आता मांडणी बरीच बदलली आहे. 2016 मध्ये उघडलेल्या ‘लँड ऑफ द लायन्स’मध्ये आशियाई सिंह आहेत आणि भोवती सासण गीरचं स्टेशन उभं केलं आहे. गोरिलांचा भाग निराळा, वाघांचा निराळा, आणि वर्षावनाच्या दमट घरात माकडं, पक्षी आणि स्लॉथ एकाच छपराखाली. म्हणजे आता बऱ्याच ठिकाणी गट पाडून द्यायला भिंती नाहीत, ते काम मुलांचं. शिकवण्याच्या दृष्टीने हे उत्तमच झालं. (हत्ती मात्र मुलं शोधत राहतात. ते 2001 मध्येच शहराबाहेर व्हिप्सनेडच्या मोठ्या बागेत गेले.)

आमच्या गटाची पहिली अडचण पेंग्विनांपाशी आली. इथले पेंग्विन हम्बोल्ट जातीचे, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. मुलांच्या हातात फळ्यांवर लावलेले कागद होते आणि ‘की’मधला प्रश्न होता, ‘याला पिसं आहेत का?’ काचेपलीकडे पाण्यातून सुळकन जाणारा पेंग्विन ओल्या रबरासारखा गुळगुळीत दिसत होता. सहापैकी चौघांनी ‘नाही’वर खूण केली. तिथून पुढे गेलं की पेंग्विन सस्तन प्राण्यांत जाऊन पोचत होता. पक्षी आहे हे सगळ्यांना पाठ होतं, पण बाईंचा नियम होता की डोळ्यांना दिसेल तेच लिहायचं. एका सोमाली मुलीला तो पेच सहन होईना. ती काठाकाठाने पुढे गेली आणि तिथून ओरडली, “मिस, हा फाटलाय!”

एक पेंग्विन खडकावर अंग चोरून उभा होता. मानेपासून पोटापर्यंत झुपके निघालेले, मध्येच नवा काळा थर चमकणारा. हे पक्षी वर्षातून एकदा सगळी पिसं एकदम टाकतात आणि नवी येईपर्यंत पाण्यात उतरत नाहीत, कारण त्या काळात त्यांचं अंग पाणी अडवू शकत नाही. पायाशी पिसांचा सडा पडला होता. एक पीस वाऱ्याने उडून काचेला चिकटलं आणि सहाही डोकी त्याच्यावर वाकली. बोटाच्या पेराएवढं, ताठ, बुडाशी लवदार. मग कुणी काही न सांगता ‘नाही’ खोडून ‘होय’ लिहिलं गेलं. त्या मुलीने समासात टीपही लिहिली : ओला असताना बघू नये.

जेवणाच्या सुट्टीत बाईंनी गवतावर बसवून प्लॅटिपसची गोष्ट सांगितली. ऑस्ट्रेलियातून आलेलं त्याचं कातडं पाहून जॉर्ज शॉ यांनी 1799 मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, तेव्हा बदकाची चोच कुणी शिवून तर लावली नाही ना, अशी शंका त्यांनाही होती. अंगावर केस, पिलांना दूध, मग हा अंडी घालतो की नाही? उत्तर पक्कं व्हायला 1884 साल उजाडलं. इतकी वर्षं मोठमोठी माणसं भांडत होती, हे ऐकून मुलं खूश झाली. लिनियसनेही आपल्या ग्रंथाच्या 1758 च्या आवृत्तीत वटवाघळाला माणसाच्याच गणात बसवलं होतं आणि बेडूक, सरडे यांचा एकच वर्ग केला होता. हे मी आमच्या गटाला सांगितलं, तेव्हा एका मुलाने विचारलं, “मग त्याच्या बाईंनी त्याला काय म्हटलं?”

दुपारी सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांच्या नव्या घरात गेलो. जुनं घर 1927 चं, जोन प्रॉक्टर या कर्तबगार बाईंनी आखलेलं. तिथले प्राणी 2024 मध्ये या घरात आले. नव्या घरातल्या एका टाकीत सेसिलियन आहेत. पाय नाहीत, खवले दिसत नाहीत, डोळे जवळपास नाहीतच. करड्या निळसर अंगावर वळ्यांमागून वळ्या. इथे सगळ्यांच्या ‘की’ अडकल्या. एक म्हणाला गांडूळ, एक म्हणाला साप, एक म्हणाला ईल मासा. पाठीचा कणा आहे का, हा तर पहिलाच प्रश्न, आणि तो बाहेरून दिसत नाही. झूच्या शिक्षणविभागातल्या तरुणीने उत्तर दिलं नाही. तिने विचारलं, “कापल्याशिवाय कसं ठरवाल?” एकाला एक्स-रे सुचला. दुसरा म्हणाला, तोंड उघडेपर्यंत थांबू, गांडुळाला जबडा नसतो. मुलं खरंच थांबली; टाकीसमोर फरशीवर मांडी ठोकून बसली. जबडा दिसला, गांडूळ बाद. खवले नाहीत, म्हणून साप बाद. पर नाहीत, म्हणून ईलवर शंका. अखेर आमच्या त्या सोमाली मुलीने ‘उभयचर’ लिहिलं आणि पुढे मोठं प्रश्नचिन्ह काढलं. नंतर वह्या तपासताना बाईंनी उत्तरावर बरोबरची खूण केली आणि प्रश्नचिन्हाला हातही लावला नाही.

सेसिलियन म्हणजे आपलं देवगांडूळ. पावसाळ्यात कोकणात आणि घाटमाथ्यावर ओल्या मातीत, दगडाखाली सापडतं आणि बहुतेक वेळा साप किंवा गांडूळ समजून मारलं किंवा भिरकावलं जातं. आंबोलीत सापडलेली त्याची एक नवी जात 2003 मध्ये वरद गिरी, मार्क विल्किन्सन आणि डेव्हिड गोवर यांनी शास्त्रापुढे आणली. गिरी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे आणि दुसरे दोघे इथल्या, लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममधले. जातीला नाव दिलं सोसायटीच्या जे. सी. डॅनियल यांचं. त्या शोधनिबंधात त्या प्रजातीतल्या सगळ्या जाती ओळखण्याची ‘की’ही जोडलेली आहे. बारकावे अर्थातच तज्ज्ञांचे, पण रीत तीच : एक प्रश्न, दोन वाटा. आंबोलीच्या चिखलातला प्राणी आणि त्या टाकीतला प्राणी एकाच गणातले आहेत, हे मी मुलांना नकाशा काढून दाखवलं. परतीच्या बसमध्ये दोघांनी मला विचारलं की तिथली मुलं त्याला रोज बघतात का.

ज्यांना बघता येईल अशी मुलं आपल्याकडे आहेत. सिंधुदुर्गातल्या शाळेला त्यासाठी झूची गरजही नाही. पहिल्या पावसानंतर बांधाकडेचा दगड हलक्या हाताने उचलायचा, बघायचं आणि पुन्हा तसाच ठेवायचा. मुंबईच्या शिक्षकांसाठी राणीच्या बागेत 2017 पासून हेच हम्बोल्ट पेंग्विन बघायला मिळतात. तिथे सहल नेणारच असाल, तर पिसं झडण्याचे दिवस कुठले ते पेंग्विनांची देखभाल करणाऱ्यांना आधी विचारून घ्या, आणि तारीख त्याप्रमाणे ठरवा.