पाच खेळाडू आणि एक खाडी

रायगड जिल्ह्यात मुरूडच्या दक्षिणेस आगरदांडा हे लहानसे बंदर आहे. येथून फेरीबोटीने समोरच्या दिघीस जाता येते. मधली खाडी राजपुरीची. ही खाडी समुद्रास मिळते तेथे जंजिऱ्याचा किल्ला उभा आहे आणि त्याच्या वायव्येस, मुरूडसमोरच्या कासा बेटावर, शिवाजी महाराजांनी बांधविलेला पद्मदुर्ग. जुन्या कागदांत या परिसराचे नाव दंडा-राजपुरी असे जोडून येते.

हा इतिहास शिकविताना वर्गातून एक प्रश्न हमखास येतो. शेकडो किल्ले घेणाऱ्या मराठ्यांना जंजिरा का घेता आला नाही? भक्कम तट, मोठ्या तोफा आणि चहूबाजूंनी समुद्र, हे नेहमीचे उत्तर. ते खरे आहे, पण अर्धेच. तट कितीही भक्कम असला तरी आतल्या माणसांना धान्य, दारूगोळा आणि पैसा लागतो. तो बाहेरूनच यावा लागतो. तो कोण पुरवील आणि कशासाठी, हा प्रश्न दगडांचा नाही, संबंधांचा आहे. अशा प्रश्नांचा विचार करणारी गणिताची एक शाखा आहे. तिला गेम थिअरी म्हणतात. तिच्या मदतीने हा पट मांडून पाहू या.

पट आणि पाळी

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात या किनाऱ्यावर पाच मुख्य खेळाडू होते. जंजिऱ्याचे सिद्दी, रायगडावरून राज्य करणारे मराठे, मुंबई व सुरतेचे इंग्रज, गोवा, चौल व वसईचे पोर्तुगीज आणि मोगल.

पाच खेळाडूंत जोड्या किती? ५ × ४ ÷ २, म्हणजे १०. प्रत्येक जोडीत मैत्री, वैर किंवा तटस्थता असे तीनच पर्याय धरले, तरी एकूण स्थिती ३ चा दहावा घात, म्हणजे ५९,०४९ होतात. दोघांच्या बुद्धिबळात समोरच्याकडे लक्ष ठेवले की भागते. पाच जणांच्या खेळात दुसऱ्या दोघांचे आपसांत काय चालले आहे याकडेही लक्ष ठेवावे लागते. फरक येथे आहे.

हा खेळ पाळीपाळीने चाले, आणि पाळी ठरवीत असे पाऊस. जून ते सप्टेंबर कोकणचा समुद्र खवळलेला असतो. गलबते किनाऱ्यास ओढून शाकारावी लागत किंवा सुरक्षित बंदरात नांगरावी लागत. म्हणजे दरवर्षी युद्धाला सक्तीची सुट्टी आणि वाटाघाटींना मोकळा वेळ. पाऊस सरला की नवी पाळी सुरू.

लहान्याचे वजन

१६६९-७० मध्ये शिवाजी महाराजांनी जंजिऱ्यास जोराचा वेढा घातला. किल्ल्याचा प्रमुख फत्तेखान विजापूरच्या आदिलशाहीचा चाकर. पण विजापुराहून पुरेशी मदत येईना. तो किल्ला देण्यास तयार झाला. तेव्हा सिद्दी संबळ, सिद्दी कासम आणि सिद्दी खैर्यत यांनी त्याला कैद केले आणि मोगलांशी संधान बांधले. औरंगजेबाने त्यांना चाकरीत घेतले. १६७१ च्या होळीच्या रात्री सिद्दी कासमने अचानक हल्ला करून दंडा-राजपुरी परत घेतली.

एवढ्याशा बेटासाठी मोगल बादशहाने आरमाराचा खर्च का सोसावा? एक सोपे गणित करू. समजा तीन सत्तांचे बळ ५, ४ आणि २ आहे. ५ आणि ४ एकत्र आले तर २ हरतो. ५ आणि २ एकत्र आले तर ४ हरतो. पण ४ आणि २ एकत्र आले तर बेरीज ६ होते, आणि ५ हरतो! कोणतेही दोघे मिळून तिसऱ्यास हरवू शकतात. म्हणजे बळ सर्वांत कमी असूनही २ ची किंमत इतर दोघांएवढीच आहे. आता आकडे ५, ३ आणि १ करून पाहा. ३ आणि १ मिळून ४ च होतात. येथे १ ला कोणी विचारणार नाही.

लहान खेळाडूची किंमत त्याच्या बळावर नव्हे, तर त्याच्यामुळे पारडे फिरते की नाही यावर ठरते. सभागृहातील मतांच्या संदर्भात शॅपली आणि शुबिक यांनी १९५४ मध्ये आणि बॅन्झाफ यांनी १९६५ मध्ये हेच मोजण्याच्या पद्धती दिल्या. मोगलांचे भूदळ अफाट होते, पण कोकणच्या समुद्रावर त्यांना दुसऱ्याच्या गलबतांवर अवलंबून राहावे लागे. सिद्दींपाशी गलबते होती. पारडे फिरविणारा तो २ त्यांना हवाच होता.

मुंबईचा पेच

आता इंग्रजांकडे पाहा. पावसाळ्यात सिद्दींचे आरमार मुंबईस माझगावात आश्रय मागू लागले. आश्रय नाकारावा तर सुरतेची वखार मोगलांच्या मुलखात, तेथील व्यापार धोक्यात येणार. द्यावा तर मराठे रागावणार. आणि मुंबईस लागणारे धान्य व सरपण समोरच्या मराठी मुलखातून येत असे. दोन्ही धमक्या खऱ्या होत्या, कारण दोन्ही अमलात आणण्याजोग्या होत्या. पोकळ धमकीला खेळात किंमत नसते.

म्हणून इंग्रज दोन्ही डगरींवर पाय ठेवू पाहत. जून १६७४ मध्ये हेन्री ऑक्झिंडन रायगडावर राज्याभिषेकास हजर राहिला आणि मराठ्यांशी तह ठरला. त्याच सुमारास सिद्दींशी समेट करावा असाही आग्रह इंग्रजांनी धरला. महाराजांनी तो मानला नाही.

१६७९ मध्ये मराठ्यांनी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर किल्ला बांधावयास घेतला. इंग्रज आणि सिद्दी दोघांनीही विरोध केला. पण बेट जिंकले तर ते कोणाचे? सिद्दी ते स्वतःकडेच ठेवतील अशी धास्ती इंग्रजांना पडली आणि १६८० च्या आरंभी त्यांनी मराठ्यांशी जुळवून घेतले. सिद्दींनी शेजारची उंदेरी बळकावली. समान शत्रूमुळे युती जुळते. लूट वाटण्याची वेळ आली की ती सैल होते.

१६८२ मध्ये संभाजी महाराजांनी जंजिऱ्यास वेढा घातला आणि समुद्रात भर टाकून वाट बांधण्याचा प्रयत्न केला. तेवढ्यात मोगल फौज उत्तर कोकणात उतरली आणि त्यांना स्वतः मोर्चा सोडावा लागला. जंजिऱ्याचा खरा तट त्या वेळी कल्याणच्या बाजूस उभा राहिला होता! आणि १६८९ मध्ये इंग्रज व मोगल यांचे बिनसले, तेव्हा याच सिद्दी कासमने, आता याकूतखान या किताबाने, मुंबईवर चालून जाऊन माझगाव घेतले. कालचा पाहुणा आज वेढा घालून बसला. दीड लाख रुपये दंड भरून इंग्रजांनी बादशहाची माफी मिळविली, तेव्हा १६९० मध्ये तो हटला.

शब्द पाळणे केव्हा परवडते?

मग कोणी कोणावर विश्वास ठेवावाच का? दोन पक्षांनी तह पाळला तर प्रत्येकास ३ गुण. एकाने मोडला तर मोडणाऱ्यास ५ व दुसऱ्यास ०. दोघांनीही मोडला तर प्रत्येकी १. पाळी एकच असेल तर मोडणे नेहमीच फायद्याचे. पण पाळ्या पुढे चालू राहणार असतील तर?

समजा पुढची पाळी होण्याची शक्यता निम्मी आहे, आणि एकदा तह मोडला की तो पुन्हा होत नाही. सतत पाळल्यास अपेक्षित गुण ३ + १.५ + ०.७५ + … = ६. आत्ताच मोडल्यास ५ + ०.५ + ०.२५ + … = ६. दोन्ही सारखेच! शक्यता निम्म्याहून अधिक असेल तर पाळणे लाभाचे, कमी असेल तर मोडणे लाभाचे. दहावीच्या पुढील विद्यार्थ्यांनी अनंत भूमिती श्रेढी वापरून हे स्वतः ताडून पाहावे. विश्वास केवळ सद्गुणांतून येत नाही. उद्या पुन्हा भेटायचे आहे या जाणिवेतूनही तो येतो.

१९८० च्या सुमारास रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी संगणकावर अशा खेळाच्या स्पर्धा घेतल्या. अनातोल रॅपोपोर्ट यांची अगदी साधी रीत दोन्ही वेळा पहिली आली: आरंभ सहकार्याने करावा, नंतर समोरच्याने मागील पाळीत जे केले तेच करावे.

बैठ्या खेळांतही हा विषय आला आहे. ॲलन कॅल्हॅमर यांचा १९५९ मधील ‘डिप्लोमसी’ हा खेळ सात सत्तांचा आहे. त्यात फासे नाहीत. बोलणी करायची, हुकूम गुपचूप लिहायचे आणि एकदम उघडायचे. २०२२ मध्ये ‘सिसेरो’ ही संगणकप्रणाली माणसांशी बोलणी करीत हा खेळ उत्तम प्रकारे खेळली.

वर्गात करून पाहा

वर्गाचे पाच गट करून त्यांना वरील पाच सत्तांची नावे द्यावीत. प्रत्येक पाळीत पाच मिनिटे बोलणी. मग प्रत्येक गटाने इतर चौघांसाठी चार चिठ्ठ्या लिहाव्यात: ‘तह’ किंवा ‘चाल’. सर्व चिठ्ठ्या एकदम उघडून वरीलप्रमाणे गुण मांडावेत. दर तिसरी पाळी पावसाळ्याची. तेव्हा सिद्दी गटास कोणीतरी उघडपणे आश्रय द्यावा. न मिळाल्यास त्याचे ५ गुण वजा.

पाळी संपल्यावर फासा टाकावा. सहा पडल्यास खेळ संपला. नंतर हाच खेळ ‘एक, दोन किंवा तीन पडल्यास संपला’ या नियमाने खेळावा. पहिल्या प्रकारात पुढील पाळीची शक्यता ५/६, दुसऱ्यात १/२. तह मोडण्याचे प्रमाण बदलते का, याची नोंद मुलांनीच ठेवावी आणि आलेख काढावा.

शेवटी दोन गोष्टींवर चर्चा अवश्य घ्यावी. पहिली, ही लढाई धर्माची होती असे मुले सहज म्हणतात. वर पाहिलेले सोयरसंबंध त्यात बसतात का, हे त्यांना विचारावे. सिद्दी आधी निजामशाहीचे, मग आदिलशाहीचे, मग मोगलांचे चाकर झाले. १७३३ मध्ये बाजीराव पेशव्यांनी त्यांच्यावर मोहीम काढली तेव्हा त्यांच्या मदतीस इंग्रज आले.

दुसरी अधिक महत्त्वाची. आपल्या कोष्टकातील शून्य हा नुसता आकडा आहे. या किनाऱ्यावर त्याचा अर्थ जाळलेले गाव, बुडालेले पीक आणि पकडून नेलेली माणसे असा होता. बोलणी करणाऱ्या पाचांत त्या शेतकऱ्यांचा आणि कोळ्यांचा गट नव्हता. खेळ संपल्यावर एका मुलास सहावी खुर्ची द्यावी, आणि प्रत्येक पाळीत आपल्या गावाचे काय झाले हे त्याला सांगू द्यावे. जंजिऱ्याचे संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले, तोवर या पटावरच्या पाळ्या अनेकांनी खेळल्या. त्यांची किंमत मात्र बहुतेक वेळा त्या सहाव्या खुर्चीने मोजली.