फवारणी केव्हा? इष्टतमीकरणाचे उत्तर
मर्यादांच्या चौकटीत सर्वोत्तम उत्तर शोधणारे इष्टतमीकरण विद्यापीठांत गणिताच्या अभ्यासक्रमात शिकविले जाते. डँट्झिग यांची १९४७ ची सिम्प्लेक्स पद्धत त्यात हमखास येते. परंतु पहिला धडा असतो उद्दिष्ट नेमके मांडण्याचा. ‘शेतात एकही कीड नको’ असे उद्दिष्ट धरल्यास फवारण्यांना अंत नाही. ‘निव्वळ उत्पन्न सर्वाधिक हवे’ असे धरल्यास उत्तर बदलते. ज्या कीडसंख्येला टाळता येणारे नुकसान नियंत्रणाच्या खर्चाइतके होते, ती आर्थिक नुकसानीची पातळी. स्टर्न व सहकाऱ्यांनी ही संकल्पना १९५९ मध्ये मांडली. संकेत पातळी तिच्या थोडी अलीकडे असते. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी ती कामगंध सापळ्यात प्रति रात्र ८ पतंग, सलग ३ रात्री अशी आहे. कापसाचा भाव वाढला की नुकसानीची पातळी खाली येते, फवारणीची मजुरी वाढली की वर जाते. शिफारशीतील छापील आकडा मात्र जागचा हलत नाही. त्याला हंगामातील भावाची जोड विस्तार कार्यकर्त्यांनीच द्यावयाची असते.