विटांची कड: आधी माती, मग वीट, शेवटी नक्षी

दिवाळी सरली की बागेची कामं निघतात. पाऊस ओसरलेला, जमिनीला वाफसा आलेला आणि शेवंती-झेंडूच्या वाफ्यांची डागडुजी करायची असते. त्याच ओघात वाफ्यांना आणि हिरवळीला विटांची कड घालावी, असं मनात येतं. बहुतेक जण सुरुवात नक्षीपासून करतात. विटा तिरक्या लावायच्या की उभ्या? खरं तर हा शेवटचा प्रश्न. कड किती वर्षं टिकेल, हे जमीन आणि विटेची भाजणी ठरवते.

पठारावरची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. सिमेंटात बांधलेली लांब, ताठ कड ही हालचाल सोसत नाही, तिला तडे जातात. अशा जमिनीत चर खणून तळाला 8-10 सेंटिमीटर मुरूम टाकावा, पाणी शिंपडून धुम्मसानं चोपावा, वर बोटभर वाळू पसरावी आणि विटा कोरड्याच बसवाव्यात. एखादी वीट हललीच तर तेवढीच उचलून पुन्हा बसवता येते. मुरमाड जमिनीत सिमेंटच्या दरजा चालतात. मात्र पाणी निघायला अधूनमधून फट ठेवावी. कोकणात तर जांभ्याचा चिरा हाताशी असतो. खाणीतून काढताना मऊ असलेला हा दगड हवेत कठीण होत जातो. तिथे वीट हवीच असं नाही.

आता वीट. भिंतीतल्या विटेला गिलाव्याचं कवच असतं. कडेची वीट उघडी असते आणि तिचं अर्धं अंग ओल्या मातीत. कच्ची वीट इथे लवकर भुगा होते. दोन विटा एकमेकींवर वाजवाव्यात. आवाज खणखणीत हवा. नखानं ओरखडा उठता कामा नये. शंका असेल तर कोरडी वीट तोलून 24 तास पाण्यात बुडवावी. भारतीय मानकानुसार सामान्य विटेनं वजनाच्या 20 टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये. म्हणजे 3 किलोची वीट 3 किलो 600 ग्रॅमच्या वर जाता कामा नये. या दिवसांत विक्रेत्याकडचा माल बराचसा गेल्या हंगामातला असतो. उघड्यावर पावसाळा काढलेला ढीग दिसला तर जरूर निरखावा. ज्या विटांवर पांढरा लोणा फुटलाय किंवा कोपरे झडलेत, त्या बाजूला काढाव्यात. जास्त भाजलेली, काळपट, वाकडी झामा वीट भिंतीला नको असते, पण पाणी कमी पिते म्हणून कडेला उत्तम.

मग मांडणी. हिरवळीला विटा आडव्या, गवताच्या मुळांलगतच्या मातीच्या पातळीत बसवाव्यात. गवत कापायच्या यंत्राचं चाक त्यावरून फिरतं आणि काठाचं गवत हातानं कापत बसावं लागत नाही. पलीकडे हरळी असेल तर उभी वीट किमान 15 सेंटिमीटर गाडावी, कारण हरळी जमिनीखालूनही धावते. उंच वाफ्यालाही उभीच वीट. वळणावर ती छान फिरते. तिरकी, करवती कड सार्वजनिक बागांतून सगळ्यांच्या ओळखीची आहे, पण तिचे वर आलेले कोपरे पायांनी नि फावड्यानं आधी फुटतात.

खर्चाचा अंदाजही मांडणीवरच ठरतो. 230 × 110 × 75 मिलिमीटरची वीट धरली, तर 10 मीटर कडेला लांबीनं आडव्या सुमारे 44, रुंदीनं आडव्या 91, तिरक्या 95 आणि जाडीच्या बाजूनं उभ्या 134 विटा लागतात. तुटफुटीसाठी थोड्या जास्तच आणाव्यात.

रंगवायचंच असेल तर गेरू आणि चुना वापरावा. ऑइलपेंट विटेतली ओल कोंडतो आणि पापुद्रे सुटतात. पहिला पावसाळा संपला की एकदा कडेकडेनं फिरून खचलेल्या विटा उचलाव्यात, खाली वाळू भरावी, पुन्हा ठोकून बसवाव्यात. त्या अर्ध्या दिवसाच्या कामावर कडेचं पुढचं आयुष्य अवलंबून असतं.