उष्णतेचा उलटा प्रवाह : सूक्ष्म पुंजप्रणालींतील एक कसोटी

गोंदिया जिल्ह्यात तिरोडा येथे 3,300 मेगावॅट क्षमतेचे औष्णिक विद्युत्केंद्र आहे. तेथील निवत चाललेल्या पाण्यातून उष्णता आपण होऊन भट्टीकडे परतेल, अशी शंका कोणासही येत नाही; ऊष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाने ती वाट बंद केली आहे. परंतु वाट खरोखर बंद आहे की केवळ अतिशय अरुंद आहे, हा प्रश्न निराळा होय. आणि तो प्रयोगाने सोडवावयाचा तर वस्तू फारच लहान हवी.

या अरुंदपणाचे माप 2004 मध्ये यार्झिन्स्की व वॉयचिक यांनी दिले. भिन्न तापमानांच्या दोन वस्तूंचा काही काळ संपर्क घडविला, तर ठरावीक उष्णता नेहमीच्या दिशेने जाण्याची आणि तितकीच उलट येण्याची संभाव्यता यांचे गुणोत्तर उष्णतेच्या राशीबरोबर घातांकी वेगाने वाढते. एक ज्यूल उष्णता आणि 300 व 301 केल्व्हिन ही तापमाने घेतल्यास ते गुणोत्तर लिहावयास सुमारे 35 कोटी अब्ज अंक लागतील. उलट, अणुकेंद्राचे एक परिवलन पलटण्यापुरत्याच ऊर्जेचा प्रश्न असेल आणि परिवलनांची तापमाने त्या मानाने योजली असतील, तर तेच गुणोत्तर प्रयोगशाळेच्या आटोक्यात येते.

हा संबंध पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत (आयसर) सोहम पाल, टी. एस. महेश आणि बिजयकुमार अगरवाला यांनी अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाच्या साहाय्याने पडताळला. त्यांचा निबंध 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. अडचण मापनाची होती. ‘उष्णता दिली’, ‘उष्णता घेतली’ असे आपण म्हणतो, तेव्हा व्याकरण तिला हातात धरता येणारी वस्तू ठरविते. वस्तुतः उष्णता ही प्रणालीच्या कोणत्याही एका अवस्थेत वसत नाही. ती दोन क्षणांमधील घडामोडीची आहे, म्हणून नामापेक्षा क्रियापदाच्या अधिक जवळची. ती काढण्यासाठी आरंभी व अखेरीस ऊर्जा मोजावी, तर पुंजयामिकीत मोजण्यानेच अवस्था बिघडते. यावर योजलेली युक्ती अशी की, एका साहाय्यक परिवलनाला साक्षी नेमावयाचे. देवघेवीची नोंद त्याच्या कलेत उमटते व तीवरून संभाव्यतांचे वितरण गणिताने काढता येते.

दोन परिवलनांमधील युग्मन ऊर्जा राखणारे असता संपर्काचा काळ कितीही असो, संबंध खरा ठरला. दुसऱ्या प्रकारच्या युग्मनात दोन्ही परिवलने एकदमच वर चढू शकतात, म्हणजे एकाने गमावले तेवढेच दुसऱ्याने मिळविले असे राहत नाही. तेथे संबंध सर्वसाधारणपणे टिकत नाही. हे दुसरे फळ कमी मोलाचे नव्हे. नियम मोडला असे त्यात काही नाही. ज्याला उष्णता म्हणावे तेच तेथे निखळ उरलेले नव्हते.

त्याच वर्षी ब्राझीलमधील संशोधकांनी क्लोरोफॉर्मच्या रेणूत थंड परिवलनाकडून उष्ण परिवलनाकडे सरासरीनेच उष्णता वाहताना दाखविली. मात्र तेथे दोन्ही परिवलने आरंभापासून परस्परसंबद्ध होती आणि तो सहसंबंध या व्यवहारात खर्ची पडत होता. यार्झिन्स्की-वॉयचिक संबंधात असा पूर्वसहसंबंध नसणे गृहीतच धरलेले आहे.

एक मर्यादा ध्यानात ठेवावयास हवी. अनुस्पंदनाच्या नळीत असंख्य एकसारखे रेणू असतात आणि उपकरणास त्यांचा एकत्रित संकेत मिळतो. एखाद्या विशिष्ट रेणूत उष्णता उलट गेल्याचे पुण्यात कोणी पाहिले नाही. ती किती वेळा तशी जात असावी, एवढे मात्र मोजले गेले.