ताप हवेचा की धातूचा?

उन्हाळा लागला की वाचकांच्या पत्रांत गाड्या येऊ लागतात. यंदाचा प्रश्न असा: ‘सिग्नलला बराच वेळ अडकलं की गाडीचा पिकअप पडतो. गॅरेजवाला म्हणतो, आत जाणाऱ्या हवेचं तापमान मोजणारा सेन्सर इंजिनवरून काढून एअर फिल्टरच्या डब्यात बसवू, मग बघा कशी पळते. खरं का?’

अर्धं खरं. हा उद्योग अमेरिकेत जुना आहे. १९९० ते ९२ या काळातल्या शेव्हरोलेच्या कॅमारो आणि कॉर्व्हेट या गाड्यांच्या व्ही-एट इंजिनांत आत येणारी हवा थेट मोजली जात नसे. तिचा दाब आणि तापमान पाहून इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, हवा किती भरली याचा हिशोब करी आणि त्या बेतानं पेट्रोल सोडी. दाबाचा सेन्सर ठीक होता. तापमानाचा मात्र यातल्या बऱ्याच इंजिनांत इनटेकच्या अॅल्युमिनियमच्या पेटीत खालच्या अंगानं पिळून बसवलेला, आणि त्याच्याखाली धगधगतं इंजिन! गाडी धावत असली की वाऱ्याच्या झोतानं सेन्सर जरा भानावर असे. ट्रॅफिकमध्ये उभी राहिली, किंवा तापलेली गाडी बंद करून पंधरा मिनिटांनी पुन्हा सुरू केली, की तो हवेचा नाही, धातूचा ताप सांगू लागे.

फरक किती पडतो? हवा खरी ३५ अंशांची आणि सेन्सर सांगतोय ६०. वायूची घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे ३०८ भागिले ३३३. ईसीयूच्या लेखी हवा साडेसात टक्के विरळ. तो तेवढं पेट्रोल कमी सोडतो, शिवाय गरम हवेत नॉकिंग, म्हणजे पेट्रोलचा अवेळी भडका, होईल या भीतीनं स्पार्कचं टायमिंग मागे ओढतो. गाडी मरगळते ती इथे. सेन्सर हवेच्या नळीत हलवल्यावर ती पुन्हा टवटवीत झाली, यात जादू काही नाही. आधीची खोटी बातमी थांबली, इतकंच.

सेन्सर म्हणजे वाटाण्याएवढा थर्मिस्टर. जनरल मोटर्सच्या सेन्सरचा रोध २० अंशांना साधारण साडेतीन हजार ओहम, १०० अंशांना दोनशेच्याही आत. धातूंचा रोध तापवल्यावर वाढतो, इथे उलट. ही उलटी चाल फॅरडेनं १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहून नोंदवून ठेवली होती. अर्धवाहकांच्या इतिहासाची सुरुवात बहुतेक इथूनच करतात, पण फॅरडे म्हटलं की आपल्याला फक्त डायनॅमो आठवतो.

तरी या गोष्टीचा खरा नायक फॅरडे नव्हे, थॉमस स्टीव्हन्सन. स्कॉटलंडच्या दीपगृहं बांधणाऱ्या घराण्यातला इंजिनिअर. त्याच्या काळी कुणी भिंतीवर, कुणी खिडकीत थर्मामीटर टांगी, आणि दोन गावांचे आकडे एकमेकांशी जुळत नसत. तापल्या पत्र्यावर थर्मामीटर ठेवून गावचं तापमान सांगावं, तसला प्रकार. १८६० च्या दशकात स्टीव्हन्सननं उपाय काढला: लाकडी पांढरी पेटी, चारी बाजूंना तिरप्या पट्ट्यांच्या दुहेरी भिंती, वारा आत-बाहेर मोकळा, ऊन मात्र आत नाही, आणि पेटी जमिनीपासून उंच. आपल्या हवामान खात्याच्या वेधशाळांत तीच पेटी उभी असते, आणि तिचं दार उत्तरेला असतं, म्हणजे आकडे वाचताना ऊन आत शिरत नाही. थॉमसचा मुलगा इंजिनिअरिंग सोडून ‘ट्रेझर आयलंड’ लिहायला बसला, आणि बाप जगाला लेखकाचा बाप म्हणूनच उरला. मला हे फार अन्यायाचं वाटतं. थर्मामीटर जिथे असेल तिथलंच, आणि बहुधा स्वतःचंच, तापमान सांगतो, हे एवढ्या नेटकेपणानं दुसऱ्या कुणी शिकवलेलं नाही.

आता उरलेलं अर्धं. कंपनीचे इंजिनिअर काही खुळे नव्हते. हवा इनटेकच्या त्या पेटीतून, म्हणजे मॅनिफोल्डमधून, जाताना थोडी तापतेच, विशेषतः गाडी आयडलवर असताना. सिलिंडरात पोचणाऱ्या हवेचं तापमान नळीतल्या हवेपेक्षा जास्त आणि धातूपेक्षा कमी असतं. सेन्सर पुढे आणलात आणि ईसीयूची कोष्टकं जुनीच ठेवलीत, तर आता तो उलट्या बाजूनं चुकणार: पेट्रोल जास्त, मायलेज कमी. ऑक्सिजन सेन्सर संथ चालीत ही चूक सावरून घेतो. पूर्ण अॅक्सिलरेटर दाबल्यावर बहुतेक गाड्यांत तो हिशोबात नसतो. ऑनलाइन ‘परफॉर्मन्स चिप’ म्हणून विकतात ती डबी अनेकदा तापमानाच्या सेन्सरच्या तारेत जोडायचा एक साधा रेझिस्टर असते. हवा कायम थंड असल्याचं ती ईसीयूला सांगत राहते. पैसे घालवून गाडीशी खोटं बोलायचा हा धंदा!

टर्बो गाडीत तर हा खेळ नकोच. टर्बोनं दाबलेली हवा शंभर अंशांच्याही वर जाते. सेन्सर टर्बोच्या आधी नेऊन बसवला, तर ही हवा थंड करणारा इंटरकूलर तापल्याचं ईसीयूला कळणारच नाही, टायमिंग मागे येणार नाही, आणि नॉकिंगनं पिस्टन फुटूही शकेल.

पत्रलेखकांनी आधी एवढं करावं. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करण्यापूर्वी ओबीडी स्कॅनर लावा. आत येणारी हवा, कूलंट आणि बाहेरचं तापमान, तिन्ही आकडे दोन-चार अंशांच्या फरकात यायला हवेत. आले, तर सेन्सर शाबूत आहे. त्याला हात न लावता एअर फिल्टर बदलून घ्या, इनटेकचा पाइप कुठे निखळलेला नाही ना ते पाहा.