हिरवी रेघ, पिवळी रेघ

रोह्याहून कुंडलिका ओलांडली की अष्टमी. इथल्या ओट्यावरच्या तीन पत्तीत हिशेब एकच: उठताना खिशात किती उरले. होल्डेम मॅनेजर, पोकरट्रॅकर यांसारखी ऑनलाइन पोकरची सॉफ्टवेअरं मात्र दोन रेघा काढतात. हिरवी प्रत्यक्ष कमाईची, पिवळसर अपेक्षित मूल्याची.

समजा, तुमच्या हातात दोन एक्के, समोरच्याकडे दोन बादशहा, आणि मधले पत्ते उघडण्याआधीच दोघांनी शेवटचे हजार-हजार लावले. एक्के साधारण ८२ टक्के वेळा जिंकतात. पिवळी रेघ २००० पैकी १६४० तुमचे धरते. कमिशन सोडलं, तर ६४० ने वर चढते. तेवढ्यात तिसरा बादशहा उघडला, की हिरवी हजाराने खाली.

असं दिसलं की गडी नशिबाला बोल लावत बसतो. पण पिवळी फक्त सगळे पैसे लागल्यानंतरच्या पत्त्यांचं नशीब वगळते. मुळात एक्के कोणाला आले, हे तिच्या हिशेबातच नाही. दोन रेघांमधलं अंतर पुढे भरून निघेल, ही आशाही खोटी. पत्त्यांकडे उधारीची वही नसते.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. जुने आलेख तेवढे लॅपटॉपात पडून आहेत.